तुमी पेरा

दसरा उलटून गेला तरी पाऊस जायचं नाव घेईना. वांगणीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या त्या गावात पिकलेलं भात खाचरांत आडवं पडलं होतं आणि लोंब्या चिखलाला टेकल्या होत्या. आणखी थोडे दिवस तसंच राहिलं असतं तर लोंबीतच दाण्याला कोंब फुटले असते. म्हणून ऊन पडल्या दिवशी सगळं गाव विळे घेऊन बाहेर पडलं. मजूर शोधायला वेळ नव्हता. सावडीनं कापायचं ठरलं. आज सगळ्यांनी मिळून सोमाचं, उद्या विठाचं, परवा कमळाकरचं.

ओळीच्या टोकाला कमळाकर होता. तो नेहमीच टोकाला असे, कारण बाकीच्यांनी त्याचा वेग धरायचा असे. आडव्या भाताखाली डावा हात सरकवायचा, मूठ उचलायची, विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची. चिखलात पोटऱ्या रुतलेल्या, पाठ जमिनीला समांतर, आणि हाताला क्षणाची विश्रांती नाही.

ओळीच्या दुसऱ्या टोकाला त्याची सून जिज्ञासा होती. बदलापुरात वाढलेली, रसायनशास्त्राची पदवी घेतलेली, अंबरनाथच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये नोकरी करणारी. लग्नाला दुसरं वर्ष चालू होतं. कापणीसाठी तिनं सुट्टी टाकली होती आणि तळहाताला फोड येऊ नयेत म्हणून लॅबमधले निळे हातमोजे घालून आली होती.

"डाक्तरीन आली रं कापायला," सोमा ओरडला. "कमल्या, तुझे सुनेला सांग, भाताला सुई नाय टोचायची."

बायका खिदळल्या. विठा तिच्या शेजारीच कापत होती. ती म्हणाली, "काढ गो ते, जिग्ना. आत घाम भरलाय. हात म्हातारीसारकं होतील."

जिज्ञासानं मोजे काढले. बोटं खरंच सुरकुतली होती. ती बोटं सोमाला दाखवायला म्हणून तिनं मान वर केली, तेव्हा कमळाकरही हसत होता. ओठ हसत होते, विळा मात्र त्याच लयीत चालला होता.

दुपारी सगळे बांधावर भाकरी सोडून बसले. सोमाचं आणि कमळाकरचं खाचर एकमेकांना लागून. मधला बांध कुणी किती कोरला यावरून दोघं दरवर्षी भांडत, एकमेकांच्या बापांपर्यंत पोहोचत, आणि संध्याकाळी एकाच ओट्यावर तंबाखू मळत. यंदा बांध सरळ सरळ कमळाकरच्या बाजूला सरकला होता.

"बांध बघितलास का रं?" सोमानं विचारलं.

"बघितला."

"मंग?"

"जाव दे."

विठानं हात जोडले. "देवमानूस झालास रे बाबा. वयानं मानूस पिकतो तो असा."

सगळ्यांनी माना हलवल्या. सोमानं तेवढा कांदा फोडला आणि खाली बघून खायला लागला.

*

त्या संध्याकाळी सासूची, ठमाबाईची, कंबर धरली होती, म्हणून स्वयंपाक जिज्ञासानं केला. सुकट घालून वांगं केलं आणि त्यात मीठ घालायचं विसरली. तिचा नवरा अल्पेश बदलापूरच्या एमआयडीसीत फिटर होता. तो नुकताच कामावरून आला होता. पहिल्याच घासाला त्यानं तोंड वेडंवाकडं केलं.

"अरे यार, हे काय आहे?"

"मीठ घालायला काय तिची आयस येनार बदलापुरातना?" ठमाबाई म्हणाली आणि मिठाची बरणी पुढे सरकवली.

कमळाकरची अर्धी भाकरी तोवर संपली होती.

"बाबा, त्यात मीठ नाहीये," जिज्ञासा म्हणाली.

"असा?" त्यानं ताटाकडे पाहिलं. "बरा हाय." आणि पुढचा घास मोडला. बरणीला त्यानं हात लावला नाही.

"शिक काहीतरी," ठमाबाई अल्पेशला म्हणाली. "बापूस कसा गुमान जेवतो. नायतं तू."

"बाबा फुल साधू झालेत," अल्पेश म्हणाला.

जिज्ञासाच्या डोक्यातून ते ताट जाईना. गेल्या महिन्यात लॅबमध्ये आम्लता मोजायचं यंत्र असंच वागत होतं. ॲसिडमध्ये बुडवा, सोड्याच्या पाण्यात बुडवा, आकडा सातच. नवीन आलेली मुलगी खूश होती, म्हणत होती, मॅडम, रीडिंग किती स्टेडी आहे. स्टेडी असणारच. आतली काचेची नळी मेली होती. पडदा नीट उजळत होता, बटणं नीट दाबली जात होती, फक्त बाहेर काय आहे ते त्याला कळत नव्हतं.

सासऱ्याला यंत्राच्या शेजारी बसवणं बरं नव्हे, असं तिला वाटलं. पण कुतूहल एकदा मनात शिरलं की तिला झोप येत नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कमळाकरच्या कपात साखर घातलीच नाही. एरवी याला दोन चमचे लागत, आणि कमी पडली तर कप ओट्यावर आपटायचा, असं ठमाबाईनंच तिला लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यात शिकवलं होतं.

त्यानं चहा संपवला.

"चहा बरोबर झालाय ना, बाबा?"

"बरा हाय."

ठमाबाईनं सवयीनं त्याच्या कपातला तळ आपल्या तोंडात रिकामा केला आणि थबकली. "साखर संपली का गो?"

जिज्ञासानं तिच्या हातातला कप काढून घेतला. "विसरले," ती म्हणाली. ठमाबाईनं एकदा तिच्याकडे आणि एकदा नवऱ्याच्या पाठीकडे पाहिलं. तो खांद्यावर विळे टाकून विठाच्या खाचराकडे निघालाही होता.

*

भात खळ्यावर आलं, झोडून झालं. गावात बऱ्याच जणांचं भिजलं होतं, काहींच्या दाण्याला खरंच मोड आले होते, आणि मोड आलेल्या भाताचं बियाणं होत नाही. कमळाकरकडे घरचं जुनं लाल भात होतं. काडी जाड, म्हणून ते फारसं आडवं झालं नव्हतं. लोक बी मागायला येऊ लागले. बी मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं पाठवू नये, ही तिथली रीतच. पण रीत अशीही, की देणारा आधी आपलं काढून ठेवतो.

कमळाकरनं सगळ्यांना दिलं. शेवटी विठा आली, तेव्हा त्यानं सूप दोन्ही हातांनी तिच्या गोणीत उलटं केलं आणि तळावर थाप मारून चिकटलेले दाणेही पाडले.

"तुझे घरात ठेवलास ना रं?" विठानं विचारलं.

"हाय हाय."

देवळापाशी त्याचं नाव निघू लागलं. बघा, जमिनीला सोन्याचा भाव, बिल्डर दारात उभा, पोरगा नोकरीला, सून शिकलेली, कशाला काही कमी नाही, तरी माणूस किती नरम.

जिज्ञासा संध्याकाळी पडवीत झाडू मारत होती. बियाण्याची कणगी कोपऱ्यात उपडी घातलेली होती. आतून शेणानं सारवून, वाळवून, स्वच्छ. ती तिथंच झाडू धरून उभी राहिली. कापणी झाली की ही कणगी भरलेली असते, एवढं तिनं गेल्या वर्षी पाहिलं होतं. तिनं ठमाबाईला हाक मारली. दोघींनी माळ्यावर पाहिलं, गोण्यांच्या मागे पाहिलं, मडक्यांत हात घालून पाहिले. लाल भाताचा एक दाणा घरात नव्हता. खायचा तांदूळ भरपूर होता. पेरायचं काही नव्हतं.

"देताना भान नाय राहिला असंल," ठमाबाई म्हणाली.

"भान नसतं राहिलं तर कणगी सारवली असती का, आई?"

ठमाबाईनं पदरानं हात पुसले, आणि पुसून झाल्यावरही पुसत राहिली.

सोमवारी सकाळी अल्पेश जिज्ञासाला बाईकवरून स्टेशनला सोडत होता. स्वारी खुशीत होती.

"काल बाबांनी मला सगळी जमीन फिरवली. एक एक दगड दाखवला. कुठला वॉल्व्ह कुठे, कुठल्या खाचरात पाणी आधी सोडायचं, सगळं. लहानपणापासून काय म्हणायचे माहितेय? तुना काय कलतं. आणि काल अडीच तास! आता मला मोठा समजायला लागले."

"काय काय बोलले?"

"हेच की."

"शब्द सांग ना. जसेच्या तसे."

"तू पण ना यार, लॅब रिपोर्ट लिहितेस काय? बोलले, तुमी इथं वाल टोका. तुमी हा पाईप बदलून घ्या. तुमी सोमाशी भांडू नका."

"'आपण' म्हणाले का कुठे?"

"काय?"

"आपण वाल टोकू. आपण पाईप बदलू. असं एकदा तरी?"

फाटकापाशी अल्पेशनं वेग कमी केला, मग बाईक कडेला घेतली आणि एक पाय खाली टेकला. हेल्मेटच्या काचेतून त्याचे डोळे दिसत नव्हते.

"नाही," तो म्हणाला. "सगळीकडे तुमी."

जिज्ञासा त्या दिवशी अंबरनाथला गेली नाही.

*

दोघं परत आली तेव्हा ठमाबाई मागच्या दारी भांडी घासत होती. अल्पेश दारात उभा राहिला. जिज्ञासा खाली बसली आणि राखेचा हात पातेल्याला लावू लागली.

"आई, बाबा झोपतात का नीट?"

"उठतात लवकर."

"किती लवकर?"

"कोंबडा आरवायच्या आधी. ओट्यावर बसून राहतात. मी म्हनते, लवकर उठायची सवय हाय मानसाला." तिनं पातेलं उलटं केलं. "पन आधी नव्हती."

"आणि?"

"आनि काय." तिनं आणखी एक पातेलं घासून बाजूला ठेवलं. मग ठमाबाई खाली बघूनच म्हणाली, "मना शिवी नाय दिली गो यंदा. लगीन झाल्यापासना एक दिस गेला नाय असा. बायका म्हनतात, नशीब काढलास. मी पन म्हनते, हां, काढला. पन मना घरात मानूस हाय असा वाटंना."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती उठली, पडवीतल्या फळीवरच्या फवारणीच्या औषधाच्या बाटल्या एका पिशवीत घातल्या, वर भाजीची जुडी ठेवली आणि कुणाला काही न सांगता विठाच्या घराकडे गेली.

अल्पेश भिंतीला टेकला होता. "मी खूश होत होतो," तो म्हणाला. "साला, मी खूश होत होतो."

*

कमळाकर खाचरात वाल टोकत होता. भात निघाल्यावर जमिनीत जी ओल उरते तिच्यावर वाल येतात. अणकुचीदार काठीनं भोक पाडायचं, दोन दाणे टाकायचे, टाचेनं माती लोटायची. जिज्ञासा त्याच्या मागे दाणे टाकायला लागली. दोन ओळी झाल्या. सासऱ्याशी सुनेनं काय बोलावं याची जी काही हद्द असते ती कुठे संपते, हे तिला नीट माहीत नव्हतं. शेवटी तिनं लॅबमध्ये विचारतात तसं सरळ विचारायचं ठरवलं.

"बाबा, बी का नाही ठेवलं?"

"मागली त्यांना दिला."

"पुढच्या साली आपण काय पेरायचं?"

"तुमी पेरा काय पेरायचा ता."

"आणि तुम्ही?"

काठी जमिनीत रुतली होती. त्यानं ती काढली नाही.

"बाबा, मरायचा विचार येतो का तुम्हाला?"

तिला वाटलं होतं, हा चिडेल, किंवा हसेल, किंवा निघून जाईल. यांतलं काहीच झालं नाही. वरच्या अंगाला नव्या इमारतींचं काम चाललं होतं, तिथल्या मिक्सरचा आवाज येत होता. कमळाकर तो आवाज ऐकत असल्यासारखा उभा राहिला.

"ठरवला असा नाय काय," तो म्हणाला. "पन मी नसलो तरी चालंल, असा वाटतं. रोज वाटतं. सकालचा जास्ती."

"कधीपासून?"

"भाताची आवनी लावली तवा कलला. त्याच्या आधीचा असंल."

"काय झालं होतं?"

"काय नाय झाला. ताच तं." पहिल्यांदाच त्याचा आवाज जरा वर गेला. "पोर बरा, सून बरी, भात बरा. कुनी मेला नाय, काय बुडला नाय. दुखत असता तं दाखवला असता, इथं दुखतं म्हनून. काय दाखवू? भात कापतो, मना काय वाटत नाय. झोडतो, काय वाटत नाय. सगला बगतो ता काचेतना बगल्यासारका. तू चा दिलास त्यात साखर नव्हती ना?"

जिज्ञासानं हातातले दाणे मुठीतच धरले.

"ठमी बोलली तवा कलला. तोपर्यंत नाय."

"मी मुद्दाम घातली नव्हती," ती म्हणाली. "बघायला. चुकलं माझं."

त्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. "घरात कुनीतरी बगितला तं."

दोघं बांधावर बसली. तिनं सांगितलं, की हा आजार आहे, नाव आहे त्याला, औषध आहे, उल्हासनगरच्या सरकारी दवाखान्यात डॉक्टर बसतात. तो मातीचं ढेकूळ बोटांनी फोडत ऐकत होता.

"मी काम करतो ना पन. आजारी मानूस काम करंल?"

"तुम्ही काम करता म्हणूनच कुणाला कळलं नाही."

"आनि गावात कलला तं? कमल्या येडा झाला म्हनतील. पोराला, तुना, कोन सोडंल?"

"तापासाठी जातो म्हणून सांगू."

"तापाला उल्हासनगर?" तो म्हणाला. "वांगनीत डाक्तर मेलं का सगलं?"

तो उठला, काठी उपटली आणि राहिलेली ओळ पुरी करू लागला. ओळ संपल्यावर मागे न वळता म्हणाला, "गर्दी नसंल तवा जाव."

*

उल्हासनगर स्टेशनवरून रिक्षा केली. रिक्षावाला वाटेत एका सिंधी कापडवाल्याशी गाडी चालू ठेवूनच हुज्जत घालून आला. कमळाकर धुतलेला सदरा घालून मधे बसला होता, एका बाजूला ठमाबाई, दुसऱ्या बाजूला जिज्ञासा. अल्पेशनं सुट्टी काढली होती, पण बापानंच त्याला घरी ठेवलं. सगळं घर निघालं की गाव विचारतं. ठमाबाईनं डोक्यावरून पदर असा ओढला होता की जणू तीच पळून चालली होती.

केसपेपर काढला. मानसिक विभागाची ओपीडी व्हरांड्याच्या टोकाला होती. बाकड्यांवर माणसं बसलेली. कमळाकरनं दारावरची पाटी वाचली आणि पाय थबकले. मग तो एकदम वळला.

"चला. मना नाय जमायचा."

"काय झालं, बाबा?"

त्यानं उत्तर दिलं नाही. जिज्ञासानं त्याच्या पाठीमागे पाहिलं. खिडकीखालच्या बाकड्यावर, मांडीवर प्लास्टिकची पिशवी घेऊन, सोमा बसला होता.

सोमानंही त्यांना पाहिलं होतं. त्याचा हात पिशवीवर घट्ट झाला. गावातलं कुणी भेटलं की ज्या चेहऱ्यावर आधी थट्टा येते, त्या चेहऱ्यावर काहीच आलं नाही. तसा चेहरा जिज्ञासानं त्याचा कधी पाहिला नव्हता. मग तो उठून बाकड्याच्या कडेला सरकला आणि शेजारची जागा तळहातानं झाडली.

"बस."

कमळाकर उभाच. "तू कुनाला घेवून आलास?"

"मना."

"कवापासना?"

"झाली वर्सा. धाकटी पोर दिली त्याच्या आधीपासना. गोल्यांवर हाय मी." सोमा हळू बोलत होता. "तुमी बेस्तरवारी आलाव ता बरा केलाव. सोमवारी लय गर्दी असतं."

ठमाबाई मटकन बाकड्यावर बसली. कमळाकरची मान लाल झाली होती. तो रागावला होता. गेल्या कित्येक महिन्यांत त्याला रागावलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं.

"एका ओट्यावर बसतो आपन," तो दात दाबून म्हणाला. "मना सांगितला नायस?"

"तू तरी सांगितलास?"

"मना काय म्हाईत व्हता, याला काय म्हनतात ता!"

"मना म्हाईत व्हता," सोमा म्हणाला. "तू बांधाचा जाव दे म्हनालास, तवाच कलला. भाकर टाकून उठावंसा वाटला. पन तुना सांगायचा म्हंजे माझाबी सांगायला लागला असता. नाय बोललो." तो पिशवीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला. "बी वाटलास तवा दोनदा घरापर्यंत आलो. दोनदा माघारी गेलो. पायजे तेवढ्या शिव्या तू मना दे. पन पलू नको."

जिज्ञासा व्हरांड्याच्या खांबाला धरून उभी होती. खाचरातला सोमा तिला आठवत होता, डाक्तरीन आली म्हणून ओरडणारा. त्या दिवशी सगळ्या ओळीत तिनं एकाच माणसाकडे निरखून पाहिलं होतं. सोमाला तिनं हसताना पाहिलं आणि सोडून दिलं होतं. तो हसायचा, चिडायचा, जेवणात मीठ नसतं तर नक्की ओरडला असता. त्याच्यावर तिचा कुठलाच प्रयोग चालला नसता.

"कमळाकर..." आतून नावाचा पुकारा झाला. शिपाई दारात आला. "पेशंटसोबत एकच जण."

ठमाबाई उठायला लागली. जिज्ञासा पुढे झाली. तिनं काय काय सांगायचं ते मनात जुळवून आणलं होतं, झोप, जेवण, कणगी, सगळं. कमळाकर दोघींकडे बघत उभा राहिला. मग त्यानं सोमाच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि जिज्ञासाच्या हातात दिली.

"तू चल," तो सोमाला म्हणाला.

"मी?"

"मना त्यांच्यापुडं सांगता नाय यायचा. तुना म्हाईत हाय कसा सांगतात ता. चल."

सोमानं सदऱ्याची बाही डोळ्यांवरून फिरवली आणि उठला. दोघं दरवाजातून एकदम आत जायला गेले, खांद्याला खांदा अडकला, आणि कमळाकरनं त्याला आधी ढकललं. दार लागलं.

ठमाबाईनं पदर डोक्यावरून खाली घेतला. जिज्ञासा तिच्या शेजारी पिशवी धरून बसली. समोरच्या बाकड्यावर एक बाई स्वेटर विणत होती. तिच्या पलीकडे इस्त्रीच्या शर्टातला एक तरुण मोबाईलवर कुणाला तरी माल कधी पोहोचणार ते हिंदीत समजावत होता, मधेच हसत होता. एक म्हातारा शेंगदाणे खात होता आणि शेजारच्या बाईलाही देत होता. जिज्ञासा एकेकाकडे बघत गेली. यांतलं कोण दाखवायला आलंय आणि कोण सोबत आलंय, तिला सांगता येईना. ती पुन्हा पहिल्यापासून बघायला लागली.